पेडलवरची वीट

अर्थिंगकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला माहीत असणार. पण काकू त्यांना आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आल्या, त्यामुळे त्या बाजूनेही ते कधी फुटलं नाही. पेट्रोलपंपामागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एका गाडीपुरती जागा, वर पत्रा, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या वायरींच्या जटा आणि एक बाक, ज्याचा चौथा पाय म्हणून जुनी बॅटरी लावलेली. गाडीतलं विजेचं काहीही बिघडलेलं घेऊन जा, काका गाडीला हात लावायच्या आधीच सांगणार, अर्थिंग गेलंय. त्यावरून गल्लीने त्यांचं बारसं केलं, आणि एकदा बारसं झाल्यावर गल्ली थोडीच गप्प बसते? समोरच्या चहावालीचं दूध नासलं, अर्थिंग गेलंय. पंक्चरवाल्याची बायको माहेरी जाऊन बसली, अर्थिंग गेलंय. पंक्चरवाल्याने ते ऐकून दोन दिवस चहा बंद ठेवला, मग त्याचंच डोकं दुखायला लागलं आणि तो मुकाट्याने परत आला.

हसणाऱ्यांची पंचाईत अशी की काकांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघायचं. ते समजावूनही असे सांगायचे की गाडी नसलेल्यालाही कळावं. दिव्याकडे वीज जाते ती तारेतून, परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्रा गंजला, स्क्रू सैल झाला, की परतीची वाट बंद. मग वीज काय करते? घरी उशीर झालेल्या नवऱ्यासारखी शेजारच्या अंगणातून, मागच्या दाराने शिरायला बघते. ब्रेक दाबला की सिग्नल मिणमिणतो, सिग्नल दिला की भलताच दिवा डोळा मारतो. लोक बल्ब बदलतात, फ्यूज बदलतात, रोग म्हशीला आणि औषध पखालीला. काका डिकीचं अस्तर बाजूला करायचे, एक गंजका स्क्रू काढायचे, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासायचे, स्क्रू पुन्हा आवळायचे. झालं.

त्यांचा खरा जीव मागच्या दिव्यांत. पुढचा दिवा गेला तर ड्रायव्हर स्वतः बोंबलत येतो, असं ते म्हणायचे. मागचा गेला तर सगळ्या जगाला दिसतं, फक्त त्याला दिसत नाही. मागचा दिवा आपल्यासाठी नसतोच, तो दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. हे वाक्य काका दर गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच सुचल्यासारखं ऐकवायचे, आणि चहावाली पलीकडून ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायची.

आणि म्हणूनच मागच्या दिव्यांचं काम एकट्याचं नाही. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. बघणारे काका. दाबणारा त्यांचा मेहुणा.

मेहुणा म्हणजे काकूंचा पाठचा भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून काकू लग्न होऊन आल्या त्या त्याला कडेवर घेऊनच आल्या म्हणा ना. काकांना मूलबाळ झालं नाही. मेहुण्याला त्यांनी वाढवलं, शाळेत घातलं, शाळेने त्याला परत केलं तेव्हा गॅरेजमध्ये बसवलं. बसवलं हे अगदी शब्दशः. उंच, गोरागोमटा, केस कायम विंचरलेले, आणि काम काय, तर दिवसभर दुसऱ्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहायचं. नवं गिऱ्हाईक आलं की काकांना हमाल समजायचं आणि मेहुण्याला गाडीचा मालक. एकाने तर त्याला विचारलं होतं, साहेब, तुमची गाडी कधी निघणार, माझी मागे अडकली आहे. मेहुणा म्हणाला, आमचा माणूस जरा हळू काम करतो. तेव्हापासून गल्लीत तो ‘मालक’.

"दाब," काका मागून म्हणायचे.

"दाबला," मालक पुढून म्हणायचा.

"सोड."

"सोडला."

दिवसभर ही जुगलबंदी चालायची. चहावालीचा पोपट असता तर तोही शिकला असता. पण तिने पोपट पाळला नव्हता, ती स्वतःच पुरेशी होती.

आता वरवर बघणाऱ्याला वाटेल, यात काय अक्कल लागते? पाय ठेवायचा आणि उचलायचा. पण मालकाचा पाय साधा नव्हता. त्याने ब्रेक दाबण्याचे तीन प्रकार ठरवून ठेवले होते. पहिला हलका, मागे आजीबाई डुलकी काढत असल्यासारखा. दुसरा मध्यम, सिग्नलला थांबतात तसा. तिसऱ्याचं नाव ‘कुत्रं आडवं आलं’. प्रत्येक गाडीला तो तिन्ही प्रकार दाखवायचा, काकांनी मागितले नाहीत तरी. काकांना आधी तो चाळा वाटायचा. मग एकदा एका शाळेच्या गाडीचं दुखणं सापडेना. दिवा गॅरेजमध्ये लख्ख लागायचा आणि रस्त्यावर लागायचा नाही. काकांनी अर्थिंग दोनदा घासलं, पत्रा आता आरशासारखा झाला होता. तेव्हा मालक आतून सावकाश म्हणाला, दाजी, हलकं दाबलं तर लागतो का बघा. नाही लागला. पेडलच्या वर, पायांच्या अंधारात, एक बारकं स्विच असतं. पेडल खाली गेलं की त्याचं बोंड बाहेर येतं आणि दिवा लागतो. त्या गाडीत ते बोंड चिकटलेलं होतं. पेडल खोल गेल्यावरच सुटायचं. म्हणजे दांडगाईने दाबलं तरच दिवा, आणि शहाणा ड्रायव्हर तर हलकंच दाबतो.

काकांनी ते स्विच बदललं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, मी तेव्हाच ओळखलं होतं. मालकाने केसांवरून कंगवा फिरवला.

भांडणाचं बी तिथलंच म्हणायला हवं. पाणी घातलं चहावालीने, तिचा तो धर्मच. मालक तिच्या बाकावर बसून एकदा सहज म्हणून गेला की अर्धे रोग मी सीटवरूनच पकडतो, दाजी फक्त घासतात. हे वाक्य रस्ता ओलांडून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ‘अर्धे’चे ‘सगळे’ झाले आणि ‘घासतात’ला एक भांडी घासण्याचा वास आला. काका त्या वेळी एका गाडीच्या डिकीत डोकं घालून होते. डोकं बाहेर निघालं ते लाल होऊनच. भोवती गिऱ्हाइकं होती, पंक्चरवाला होता. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस चारचौघांत काय करणार?

"तुझ्या जागी एक वीट ठेवली तरी चालेल," काका म्हणाले. "आणि ती कंगवा तरी मागणार नाही."

सगळे हसले. पंक्चरवाला जरा जास्तच हसला, त्याचा जुना हिशेब बाकी होता. मालक गाडीतून उतरला. दार त्याने नेहमीसारखं हळूच लावलं. कोपऱ्यावर कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, तिथे गेला, एक वीट उचलून आणली, हाताने झटकली आणि काकांच्या पायांशी ठेवली.

"घ्या," तो म्हणाला. "जेवायलाही मागणार नाही."

आणि गेला. बाजाराच्या पलीकडे एक खोली घेतली, आधी दुसऱ्याची टॅक्सी चालवली, मग कुठून कुठून जमवून स्वतःची एक जुनी गाडी घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या सीटवर बसलेला माणूस शेवटी आपल्या सीटवर बसला. काकू रोज त्याला डबा नेऊन द्यायच्या, आणि घरी येऊन काकांना वाढताना एकही शब्द बोलायच्या नाहीत. काकांनाही तो परत यावा असं वाटत होतंच. पण बोलावणार कोण? काका म्हणत, लहानाने यावं. मालक म्हणे, मोठ्याने बोलवावं. दोघांच्या मध्ये काकू डबा घेऊन फिरत होत्या.

गॅरेजमध्ये मात्र खरोखर वीट आली. काकांनी हट्टाने ती पेडलवर ठेवायला सुरुवात केली. वीट ठेवायची, मागे जायचं, दिवा बघायचा, पुढे यायचं, वीट काढायची. गल्लीला आठवडाभर करमणूक झाली. चहावाली हाक मारून विचारायची, काका, तुमच्या नव्या माणसाला चहा पाठवू का? काकाही ओरडून सांगायचे, तो उपास करतो. पण विनोद संपला तरी वीट राहिली. आणि विटेला दाबण्याचे तीन प्रकार येत नाहीत हे काकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, आणि त्यांनी ते तिथेच, लक्षातच, ठेवून दिलं.

अशात एके दिवशी सकाळी काकू गॅरेजमध्ये आल्या. मुठीत एक किल्ली. म्हणाल्या, त्याची गाडी कोपऱ्यावर उभी आहे. ब्रेक दाबला की सिग्नल मिणमिणतो म्हणे. मागच्या एका ड्रायव्हरने त्याला सांगितलं.

काकांनी मान वर केली. समोर चहावालीच्या बाकावर मालक बसला होता. हातात कप, पाय लांब सोडलेले, नजर रस्त्यावर. नजर म्हणजे गॅरेज सोडून सगळीकडे. गाडी दुसऱ्या कुणाकडेही नेता आली असती, बाजारात वायरमनची काय वाण होती? पण इथेच आणली, आणि स्वतः दारात आला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. काकांना ते कळलं. आतून बरंही वाटलं. पण चेहऱ्यावर त्यांनी ते येऊ दिलं नाही. तेवढं त्यांना चांगलं जमायचं.

त्यांनी गाडी आत घेतली. डिकी उघडली, अस्तर सरकवलं, आणि गंजका स्क्रू त्यांच्याकडे बघत होता. काकांच्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं काम. त्यांनी पत्रा घासला. इतर गाड्यांना घासत त्यापेक्षा जास्त घासला, हे काकूंनी पाहिलं. स्क्रू नवा घातला.

"मी बसू का पेडलवर?" काकूंनी विचारलं.

"माणूस आहे माझ्याकडे," काका म्हणाले, इतक्या मोठ्याने की रस्त्यापलीकडे जावं. मग त्यांनी वीट उचलली, दार सताड उघडं ठेवून सगळ्यांना दिसेल अशी पेडलवर ठेवली, मागे गेले. दोन्ही दिवे लालभडक. सिग्नल शांत. रोग सापडला की वैद्य दुसरा रोग शोधत नाही.

रस्त्यापलीकडे मालकाने कप खाली ठेवला. तो उठेल असं चहावालीला वाटलं होतं. उठून येईल, विटेला लाथ मारेल, सीटवर बसेल आणि म्हणेल, बोला दाजी, दाबू का. तिने ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना सांगितली, आणि दर वेळी ‘मी हाक मारायला हवी होती’ म्हणून थांबली. कारण काकाही त्या वेळी डिकीचं झाकण धरून एक क्षण रस्त्याकडे बघत उभे राहिले होते. एक शब्द पुरला असता. ‘दाब’ एवढाच. दोघांनाही तो पाठ होता.

काकांनी झाकण लावलं. काकूंनी किल्ली नेऊन दिली.

पुढे तो आठवडा सरला नाही. भर दुपारची वेळ, बाजाराच्या उताराला. मालक भाडं सोडून रिकामा परत येत होता. पुढच्या गाड्या हळू झाल्या, तोही हळू झाला. मागे ट्रक होता. तो झाला नाही.

जीव वाचला. कमरेखाली काही उरलं नाही. पाय जागच्या जागी होते, शाबूत, लांबसडक, पण आता ते त्याचे नव्हते. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, आणि काकू बाहेर आल्या. नुसत्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकांना कळलं.

ट्रकचा ड्रायव्हर इस्पितळाच्या फाटकाशी उभा होता. पळून गेला नव्हता. आल्यागेल्याला सांगत होता, लाइट लागला नाही हो, मी काय करणार. मागून ठोकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पंक्चरवाल्याने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत दिली. म्हणाला, दिवा कुणी केलाय माहिती आहे का? अर्थिंगकाकांनी. तो लागला नाही असं होत नाही. ड्रायव्हर गाल धरून पुन्हा तेच बोलत राहिला. काकांनी हे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

मालकाला त्यांनी घरी आणलं. पुढच्या खोलीत, खिडकीशी खाट टाकली. काकू भाऊ सांभाळू लागल्या, पुन्हा पहिल्यापासून. धुणं, पुसणं, भरवणं. दर थोड्या वेळाने त्याची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते काम काकांचं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तो दाजींच्या गळ्यात हात टाकायचा. भांडण कुठे गेलं? कुणी मिटवलं नाही, ते आपोआप पायांबरोबर गेलं. काका संध्याकाळी गॅरेज लवकर बंद करून यायचे. त्याचे केस विंचरायचे. मालक म्हणायचा, भांग डावीकडे दाजी, मी काय तुमच्यासारखा म्हातारा आहे का? तेवढ्यापुरती खोली हसायची.

भेटायला माणसं यायची. बसायची, च्च च्च करायची, आणि शेवटी कुणीतरी तो ट्रकवाल्याचा विषय काढायचाच. मग मालक उशीवरून मान उचलायचा.

"दाजींनी केलेला दिवा होता," तो म्हणायचा. "दाबला की लागणार. तो झोपला होता ट्रकवर."

दर पाहुण्याला हेच. त्याच्याजवळ आता सांगण्यासारखं दुसरं काय होतं? हे वाक्य तो असं सांगायचा, जसं दुसरा कुणी माझं घर आहे, माझी गाडी आहे म्हणून सांगतो. काका आत पाण्याचा तांब्या भरत असायचे. आधी आधी त्यांना ते ऐकावंसं वाटायचं.

मग एकदा पंक्चरवाला गॅरेजमध्ये येऊन बसला. त्या ड्रायव्हरची नक्कल करत होता, तो गाल धरून कसा बोलत होता त्याची. नक्कल करता करता म्हणाला, आणि शेवटी शेवटी काय म्हणतो माहितीये? लागला, पण मी अगदी अंगावर पोचल्यावर लागला. बघा, खोटं बोलणाऱ्याला दोन वाक्यंही धड सांभाळता येत नाहीत.

काका एका होल्डरमधला गंज खरवडत होते. हात थांबला. खोटं बोलणारा म्हणतो, लागला नाही. ‘उशिरा लागला’ असं कुणी मनाने रचत नाही. ते सुचतच नाही कुणाला. ते दिसावं लागतं.

मोडीत गेलेल्या गाड्या नदीकाठच्या एका आवारात रचून ठेवत. काका तिथे गेले तेव्हा खिशात टेस्टिंगचा दिवा होता, लांब वायर होती, आणि मनात एकच गोष्ट. तो दिवा वेळेवर लागला होता, एवढं कळलं की बास. मग तो ट्रकवाला, ती रस्त्याची उतरण, नशीब, सगळ्यांना शिव्या घालायला माणूस मोकळा.

मालकाची गाडी कडेलाच होती. पुढून बघितलं तर आताच धुऊन उभी केलेली. मागून बघवत नव्हती. एका बाजूचा दिवा भुगा झाला होता. दुसऱ्या बाजूला, वाकलेल्या पत्र्याच्या आत, एक बल्ब काचेसकट वाचला होता. काकांनी तो दोन बोटांनी काढला, उन्हाकडे धरला. आतली ब्रेकची तार लांब ओढल्यासारखी खाली लोंबली होती. काकांना अशा तारा ओळखीच्या. थंड तारेला असा धक्का बसला तर ती तुटते, नाहीतर तशीच राहते. अशी लोंबते ती तापलेली, पेटलेली तार.

लागला होता. ठोकर बसली तेव्हा दिवा लागलेला होता.

काका तिथेच एका चाकावर बसले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी बाहीने पुसलं, बल्ब रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. हा घरी न्यायचा, पोराच्या हातात द्यायचा. उठलेही. फाटकापर्यंत जवळजवळ गेलेही.

पण ‘अंगावर पोचल्यावर लागला’ हे त्या बल्बला कुठे खोटं पाडत होतं? त्याला तर ते बिलगून बसत होतं.

काका परत फिरले. बॅटरी अजून जिवंत होती. टेस्टिंगच्या दिव्याची एक तार त्यांनी मागच्या तुटक्या प्लगला जोडली, दुसरी पत्र्याला. त्यांनी घासलेला तो पत्रा अजून चमकत होता, सगळ्या मोडतोडीत तेवढाच गोल तुकडा. वायर लांब करून दिवा त्यांनी पुढे आणला, डॅशबोर्डवर ठेवला, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत दिवा तपासायला ते या बाजूला कधी बसलेच नव्हते. सीट मागे सरकवलेली होती, त्यांचा पाय पेडलपर्यंत पुरेना. पुढे घसरून बसावं लागलं.

हलकं दाबलं. दिवा लागला नाही.

मध्यम दाबलं. नाही लागला.

कुत्रं आडवं आलं. लागला.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा केलं. पेडल हलकं दाबून धरूनच वाकून, गालाला स्टिअरिंग लावून, वर अंधारात बोटांनी चाचपलं. बोंड आत चिकटून बसलं होतं. नखाने जरा हलवलं तर टक्कन बाहेर आलं. इतकंच होतं. थोडं साफ करायचं, नाहीतर नवं बसवायचं. शाळेच्या गाडीला होतं तेच. सीटवर माणूस असता तर पहिल्याच दाबण्याला बोलला असता, दाजी, हलकं दाबलं तर बघा.

विटेला हलकं दाबता येत नाही.

काका घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. हात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. सांगायचं नाही, असंही मनात येऊन गेलं असेल. कुणाला कळणार होतं? ती गाडी चार दिवसांत भट्टीत जाणार. मेहुण्याचं ते एक वाक्य तसंच राहिलं असतं, रोज संध्याकाळी पाहुण्यांना सांगायला. पण तेच वाक्य आत तांब्या भरताना ऐकत बसायचं, हे काकांच्याने होणार नव्हतं. ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले. काकू दारात तांदूळ निवडत होत्या.

"त्या दिवशी ब्रेक कसा दाबला होतास?" काकांनी विचारलं.

"कसा म्हणजे?" मालक म्हणाला. "आधी हलका. मी कधी एकदम जोरात दाबतो का, दाजी? आरशात ट्रक मोठा दिसला तेव्हा मग पूर्ण दाबला."

काका काही बोलले नाहीत. खिशातला रुमाल त्यांनी बाहेर काढला नाही. मालक त्यांच्याकडे बघत होता. हा माणूस आयुष्यभर सीटवर बसून, मागे न बघता, दाजींच्या नुसत्या आवाजावरून दिवा लागला की नाही ते ओळखायचा. गप्प राहण्यावरूनही ओळखायचा.

"बोंड?" त्याने विचारलं.

काकांनी मान हलवली.

"तुम्ही वीट ठेवली होती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी बघत होतो समोरून. मला वाटलं, ते मला दाखवायला आहे. नंतर हाताने दाबून बघाल."

"नाही बघितलं."

दारात सुपातले तांदूळ हलायचे थांबले. काकूंनी वर पाहिलं नाही. खिडकीतून बाहेरच्या गाड्यांचे आवाज येत राहिले.

"दाजी," शेवटी मालक म्हणाला, "मला कुशीवर करा."

काका उठले. एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. त्याने गळ्यात हात टाकला नाही.

"इकडे नाही," तो म्हणाला. "भिंतीकडे."

काकांनी त्याला भिंतीकडे केलं. उशी नीट केली, निर्जीव पाय एकावर एक ठेवले, मध्ये घडी केलेली चादर सरकवली, सगळं जसं रोज करत तसं. तो स्वतःहून फिरू शकला असता, तर हे काम त्याने दाजींना सांगितलं नसतं.

पुढे पाहुणे येत राहिले, मग कमी झाले. ट्रकवाल्याचा विषय निघाला की मालक डोळे मिटून घेतो. लोकांना वाटतं, थकलाय. काका एकदा त्या ड्रायव्हरला शोधत ट्रकअड्ड्यावर जाऊन आले. तिथे म्हणाले, त्याला कामावरून काढलं, तो गेला. कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. पंक्चरवाल्याला काकांनी सगळं सांगितलं, तेव्हापासून तो गॅरेजच्या बाकावर बसत नाही. काकांवर राग आहे की स्वतःच्या हातावर, हे त्याचं त्याला माहीत. काकू वाढतात. बोलतातही, मीठ हवं का, पाणी तापलंय, एवढं.

चहावाली आता टोमणे मारत नाही. गल्लीला खरी भीती त्याचीच वाटते.

गॅरेज चालू आहे. हॉर्न, वायपर, बॅटरी, पुढचे दिवे, काका सगळं करतात. अर्थिंग गेलंय असं मात्र आता आधीच म्हणत नाहीत, आधी बघतात. कुणी गाडी उलटी लावली आणि म्हटलं, काका, मागचा ब्रेकलाइट जरा बघा, तर ते हात पुसत बाजारातल्या दुसऱ्या वायरमनचा पत्ता सांगतात. नवं गिऱ्हाईक असलं की वाद घालतं. एवढंसं तर काम आहे, तुम्हाला येत नाही का?

"येतं," काका म्हणतात. "माणूस नाही माझ्याकडे."